बिरदेवचे फोल्डर

काम तसे नित्याचेच होते. परभणीतील एका खाजगी स्कॅन केंद्रात दैवशाला सकाळपासून जुनी फोल्डरे काढून टाकत होती. ती दिसत टेबलावरच्या संगणकात. वस्तुतः ती असत शेकडो कोस दूर, कुठल्याशा शहरातील सर्व्हरवर. तिथले एकदा पुसले, की ते संगणकाच्या कचरापेटीतही उरत नसे. ‘बिरदेव येडबा’ हे आठ वर्षांपूर्वीचे फोल्डर तिने निर्धास्तपणे पुसले.

दुपारी नांदेडहून डॉक्टरांचा फोन आला.

“बिरदेवला ऑपरेशनला घेतलंय. डोक्यात रक्त साकळलंय. सकाळचं स्कॅन लगेच पाठवा. इथलं मशीन बंद आहे.”

दैवशालाने शोधले. ते नाव यादीत कोठेच नव्हते.

बाकावर मुलाची आई केवळाबाई बसली होती. रुग्णवाहिकेत एकालाच जागा, म्हणून मुलासोबत बाप येडबा गेला होता.

“मावशी, या नावाचं आधी कोणी आलं होतं का इथं?”

“थोरला. शेरडांसाठी बाभळीवर चढला, पडला... गेला. मंग ह्यो झाला. आमच्यात गेलेल्याचं नाव मागून आलेल्याला देतेत, माय. सात वर्षांचा झाला, अन् ह्योबी बाभळीवरूनच पडला.”

दैवशालाच्या लक्षात आले. नाव तेच, म्हणून संगणकाने आजचे स्कॅन जुन्याच फोल्डरात ठेवले होते. तिने दोन्ही भावांना एकदमच पुसले होते.

तिने सर्व्हर पुन्हा जोडला. पुन्हा जोडला. काहीच नाही. फोनवर डॉक्टर म्हणाले, “बाई, पोरगं हातचं जायलंय...”

केवळाबाईला संगणकातले काही कळत नव्हते. दैवशालाचा चेहरा मात्र कळला. तिने उठून पडद्यावर तळहात टेकला.

“बिरदेवा... ये लेकरा. कसाबी ये, पन ये...”

भर दुपारी खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटला. भिंतीपलीकडे मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली... एकदाच. आणि यादीत ते नाव उमटले. चित्रे एकेक करून येऊ लागली. दैवशालाने ती घाईघाईने पाठवली. तारीख पाहण्याचे भान कोणाला होते?

साडेपाचला केवळाबाईच्या फोनवर येडबाचा आवाज आला.

“शुद्धीवर आलाय गं! फोटूत दिसलं तिथंच रक्त घावलं म्हनले डॉक्टर.”

केवळाबाई हसता हसता रडू लागली.

“पन येड्यावानी बोलायलाय,” येडबा पुढे म्हणाला. “इचारतंय, काजळीला पानी पाजलं का?”

तिचे हसू थिजले. फोन असलेला हात हळूहळू खाली आला.

“काजळी थोरल्याची मेंढी,” ती दैवशालाला म्हणाली. “त्येच्या मागं आठव्या दिशी मेली... ह्येनं तिला बघितलीबी न्हाई.”

दैवशालाने ते फोल्डर उघडले. प्रत्येक चित्रावरची तारीख आठ वर्षांपूर्वीची होती. आजचे त्यात एकही नव्हते.

केवळाबाईला वाचता येत नव्हते. तरीही बराच वेळ ती पडद्याकडे पाहत राहिली.

“ताई,” तिने अगदी हळू विचारले, “मंग धाकला... कुठं हाय?”