टॉलिव्हरची शेवटची हजेरी

खुर्च्या जवळ ओढा. दिवा राहू दे बंद, रस्त्यावरचा पुरे आहे. क्लिओफस बँकहेडला तुम्ही सगळे ओळखता. चर्चमध्ये डाव्या हाताला एकटाच बसतो, कोणाशी फारसं बोलत नाही, तो. हे त्याच्या बाबतीत घडलं आणि त्याने ते एकदाच, मला एकट्याला सांगितलं. आम्ही दोघं सत्तर सालच्या बॅचचे. बँडमध्ये तो ढोल वाजवायचा, मी ट्राँबोन. खोटं त्याने माझ्याशी आजवर पुष्कळ बोलून घेतलंय, त्यामुळे त्याचं खोटं मला कळतं. हे खोटं नव्हतं.

नोव्हेंबर अखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारची रात्र. सोमवारी सकाळी आपलं टॉलिव्हर हायस्कूल पाडायचं ठरलं होतं. शाळा बंद पडून वर्षं झाली होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मागच्या भिंतीच्या लाल विटा चोरांनी निम्म्या काढून नेलेल्या. सेंट लुईसच्या या भागात काय उरलंय, तुम्ही बघताच.

क्लिओला आईने, म्हणजे मिस ओझेलांनी, पाठवलं होतं. त्या तेव्हा नव्वदी पार केलेल्या, डोळे पूर्ण गेलेले. त्यांना शाळेच्या सभागृहातली पाटी हवी होती. युद्धात गेलेल्या आपल्या शाळेच्या मुलांची ती पाटी, पितळेची, ओतीव, उठावाच्या अक्षरांची. त्यात वेंडेलचं नाव होतं. वेंडेल म्हणजे क्लिओचा थोरला भाऊ, सहासष्टच्या बॅचचा, तोही बँडमधला. व्हिएतनामला गेला. त्याचं शरीर परत आलंच नाही. त्यामुळे मिस ओझेलांच्या लेखी ती पाटी हीच मुलाची कबर. मशीन लागलं की ती भंगारात जाणार आणि वितळणार. मरताना आपलं बोट त्या नावावर असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फाटकाशी डेलोरा राखणीला होती. तीही आपल्याच शाळेची, बरीच नंतरची. गाडीत हीटर लावून बसली होती. क्लिओला म्हणाली, आत उंदीर आहेत दादा, पण घाबरू नकोस, टॉलिव्हरचेच आहेत, ओळीने चालतात. मग म्हणाली, लवकर ये, मला हे असं एकटं आवडत नाही.

पाटी स्टेजच्या बाजूच्या भिंतीवर होती. गंजलेले स्क्रू निघायला वेळ लागला. पाटी निघाली, त्याने ती कोटात गुंडाळली. काम झालं होतं. निघायला हवं होतं.

पण तो स्टेजवर चढला.

आता हजेरी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दर वर्षी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या जेवणाला एक जण सगळ्यात जुन्या बॅचपासून हाक देत येतो. ज्या बॅचला हाक, ती उभी राहते. ज्या बॅचमधलं कोणीच जिवंत नाही, तिच्यासाठी पुढची बॅच उभी राहते, म्हणजे हाक रिकामी जात नाही. आणि शेवटी हाक देणारा म्हणतो, ‘बसा, घर तुमचंच आहे.’ तोवर कोणी बसत नाही. माझ्या वडिलांचे गुडघे गेले होते, तरी ते बसले नव्हते.

कित्येक वर्षं हाक देण्याचं काम क्लिओकडे होतं. पण शाळा बंद झाल्यावरच ते त्याच्याकडे आलं, त्यामुळे त्याने हाका दिल्या त्या सगळ्या चर्चच्या तळघरात. खुद्द त्या सभागृहात त्याने कधी हाक दिलेली नव्हती. उद्या सभागृहच राहणार नव्हतं. मी असतो तर मीही दिली असती.

त्याने पहिल्या बॅचला हाक दिली. गोऱ्यांच्या शाळांनी टाकून दिलेल्या पुस्तकांवर शिकलेली ती पोरं, आतल्या पानावर परक्या शाळेचा शिक्का असायचा. हाक घुमली आणि विरली. त्याने पुढची दिली. मग त्यापुढची. त्याला बरं वाटत होतं म्हणे. मिसेस गेंटच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकलेली बॅच. डॉक्टरेट होती बाईंची, पण काळ्या बाईला शहरात दुसरीकडे कोणी फळ्याजवळ उभं केलं नसतं. म्हणून आपल्या वाट्याला आल्या, आपलं नशीब.

मग त्याच्या आईच्या बॅचला हाक दिली. शेहेचाळीस.

अंधारात, मागच्या रांगेत... खट्.

त्या खुर्च्या तुम्ही पाहिल्या नाहीत. लाकडी होत्या, स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन पाठीला आपटते. तोच आवाज. क्लिओने टॉर्च फिरवली. सगळ्या बैठका वरच होत्या. वर गेलेली खुर्ची खट् करत नाही, पोरांनो. त्यासाठी आधी कोणीतरी बसलेलं असावं लागतं.

तो थांबला असता. पण हाक अर्धी सोडता येत नाही. त्याने पुढची दिली.

खट्. खट्.

पुढची.

खट् खट् खट्... रांगच्या रांग.

टॉर्चमध्ये कोणी नाही. धूळ. फाटका पडदा. त्याचा आवाज चिरकायला लागला होता. तरी तो साल म्हणत गेला. पासष्ट. खट्, खट्. नंतर शांत.

सहासष्ट.

एकच आवाज. जवळून. बँड बसायचा त्या पहिल्या रांगेतून.

क्लिओला श्वास ऐकू येत होता. स्वतःचा, असं तो म्हणतो.

उरलेली सालं त्याने कशीबशी पुरी केली. आता त्याला एकच वाक्य म्हणायचं होतं. ‘बसा, घर तुमचंच आहे.’ तोंडापर्यंत आलं होतं. आणि त्याच्या मनात आलं, सकाळी हे छप्पर खाली येणार. यात मी माझ्या भावाला बसवू?

त्याने ते म्हटलं नाही. तो म्हणाला, “वेंडेल, चल. आई वाट बघतेय.”

काहीच नाही.

तो पाटी घेऊन उतरला. मधल्या वाटेने चालत गेला. दोन्ही बाजूंना... सगळे उभे. दिसत नव्हते. पण बसल्याचा आवाज एकही आला नाही.

डेलोराने नंतर मला विचारलं की क्लिओदादा बाहेर आला आणि दार एवढा वेळ धरून का उभा राहिला होता. मी म्हटलं, पाटी जड होती.

घरी मिस ओझेला स्वयंपाकघरात जाग्या होत्या. पाटी टेबलावर ठेवली. त्यांनी सावकाश बोट फिरवायला सुरुवात केली. अक्षर अक्षर. हा रूडी बाईंचा ऑब्री. हा लेव्हर्न, बोलताना अडखळायचा. हसल्या थोड्या. बोट खाली उतरलं... आणि थांबलं. मागे गेलं. परत आलं.

“क्लिओ, इथे कोणी नाही.”

त्याने दिवा जवळ आणला. वरचं नाव होतं. खालचं नाव होतं. मधे सपाट पितळ. घासलेलं नाही, खरवडलेलं नाही. बाकी पाटीसारखंच काळवंडलेलं.

त्यांनी बोट त्या सपाट जागेवरच ठेवलं. मग विचारलं, “तू हाक दिलीस?”

“हो.”

“आणि बसवलंस?”

“नाही. घरी बोलावलं.”

“मग आता तो बसेल कुठे, बाळा?”

उजाडता उजाडता क्लिओ धावत गेला. मशीन लवकर लागलं होतं. सभागृहाची भिंत आत पडलेली. धुळीपुढे उभा राहून तो ते वाक्य म्हणत राहिला. मजुरांनी त्याला बाजूला नेलं.

मिस ओझेला फेब्रुवारीत गेल्या. शेवटच्या रात्री पाटी उशाशी होती आणि त्या बोटाने नाव शोधत होत्या. मी तिथे होतो. ते शोधणं मला पुन्हा बघायचं नाही.

पाटी आता चर्चच्या तळघरात आहे. मी एका जानेवारीत, हीटर बंद असताना, तिच्यावर हात फिरवला. पितळ बर्फासारखं होतं, नावंही. फक्त ती सपाट जागा... ऊबदार. नुकतंच कोणी उठून गेल्यावर खुर्ची असते, तशी.