दर दोन तासांनी

नर्सिंगला अर्ज करायचा तर वॉर्डात तीन महिने काम केल्याचा दाखला लागायचा, म्हणून मी त्या दवाखान्यात जात होते. काम साधं. पाणी द्यायचं, चादरी बदलायच्या, आणि कोपऱ्यातल्या लुळ्या पडलेल्या आजीची दर दोन तासांनी कूस बदलून तक्त्यावर सही करायची. आजी मला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायची. जीभ तेवढी शाबूत होती बिचारीची.

मोठ्या सिस्टर भलत्याच खमक्या. माझ्या एकटीच्यानं आजी वळेना, म्हणून मदत मागितली की खेकसायच्या, "सही कर आणि पुढं हो. कोण बघतंय? दाखला हवाय ना?"

हवा होता. केल्या सह्या. आजीच्या पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या. "जळतंय गं, डॉक्टरीणबाई," म्हणायची. आठवड्यात गेली. तक्ता मात्र कसा अगदी चोख भरलेला! अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

चार दिवसांनी, सकाळी, त्याच खाटेची चादर ओढताना सिस्टर कोसळल्या. अंग लुळं, वाचा बंद. दुसरी खाट रिकामी नव्हती, तिथंच ठेवलं. कूस बदलायचं काम आलं माझ्याकडे. अर्जाचा शेवटचा दिवस उद्यावर, दाखला सहीवाचून माझ्या पिशवीत, आणि सही चालणार ती ह्यांचीच!

दुपारी दोनला मी त्यांच्या खांद्याखाली हात घातला. हलेनात. पलीकडून कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं. वॉर्ड जेवून सुस्तावला होता. वरचा पंखा थांबला, आणि तो चिघळलेल्या जखमांचा वास आला... आजीचा.

"राहू दे, डॉक्टरीणबाई..." अगदी कानाशी. "सही कर... पुढं हो."

सिस्टरचे डोळे माझी विनवणी करत होते. हाक मारली असती तर चौघं धावून आले असते. नाही मारली. खोटं कशाला बोलू, मला मनातून गार वाटलं. दोनची सही केली. मग चारची.

सहाला डॉक्टर आले. त्यांच्या हातून सिस्टर अलगद वळल्या. पाठ हाडापर्यंत सडली होती.

"ही आजची जखम नव्हे," डॉक्टर पुटपुटले. "महिन्याची आहे... कसं शक्य आहे?"

मी घरी पळायला पिशवी उचलली, तर दाखला वरच होता. खाली सिस्टरची सही. वाकडीतिकडी, पण त्यांचीच. मी परत जाऊन त्यांचा उजवा हात उचलला, सोडला. ओंडक्यासारखा पडला. बोटांना शाई लागली होती आणि मनगटावर कुणाच्या तरी बोटांचे वळ होते.

दुसऱ्या दिवशी दाखला मी जमा केला. हो, केला! कारकूनबाईंनी कागद हातात घेतला, सहीवरून अंगठा फिरला आणि त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, शाई वाळू तरी द्यायचीस."