उंदीरखाऊचा निरोप

लुसाकातल्या त्या प्रशिक्षणाला मी पहिल्याच दिवशी उशिरा पोचले. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्यावर टेकले. शेजारच्यानं माझ्या छातीवरचं नाव वाचलं – प्रिस्का मुसोंडा – आणि हळूच म्हणाला, "बेंबा. म्हणजे माकडं खाणारी."

मी त्याचं नाव वाचलं. लमेक जेरे... न्गोनी! आयतंच सापडलं की. "उंदीरखाऊंनी जरा सरकून बसावं," मी म्हटलं.

बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींचं थट्टेचं नातं. खापरपणजोबा एकमेकांवर भाले घेऊन धावले, आम्ही चिमटे काढतो. ओळख नसली तरी चालतं, रागवायची मात्र सोय नाही. चहाच्या सुट्टीत त्यानं 'ही माझी बायको' म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली आणि माझ्या बशीतलं गोड भजं हक्कानं उचललं. तेही रिवाजात बसतं.

शिकायला आलो होतो ते मात्र थट्टेचं नव्हतं. एचआयव्हीची गोळी आहे, फुकट मिळते, गुणही येतो... तरी माणसं मधेच सोडून देतात. डॉक्टर म्वाले बाई रोज बजावायच्या, की गोळी चांगली आहे हे कधीच सिद्ध झालंय. ती पोटात का जात नाही, तेवढं शोधायला शिका.

लमेक आणि मी एकाच गटात. माझं म्हणणं, नीट समजावलं की माणसं ऐकतात. त्याचं निराळंच.

"निरोप खरा असून भागत नाही, मुसोंडा. तो कोण घेऊन आलंय, ते लोक आधी बघतात."

त्याच्या गावी म्हणे दवाखान्याची गाडी दिसली की लोक दारं लावून घेत. तीच गोळी चर्चमधली म्हातारी घेऊन आली की तिच्यासाठी चहा टाकत. भांडून भांडून मला ते पटलं, पण त्याला कशाला सांगते?

जॅकरंडाच्या जांभळ्या सड्यावरून आम्ही जेवायला जायचो. बोटांनी न्शिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास वळता वळता तो म्हणायचा, "आपल्या लग्नात तरी माकड शिजवू नकोस हं." सगळे हसत. मीही हसे... आणि खोलीवर आले की जीव टांगणीला लागे. हा मनापासून बोलतो, की नुसता रिवाज पाळतो? थट्टेला हो म्हटलं तर आपलंच हसं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि ते सांगायला आमच्यात एक सरळ शब्द उरला नव्हता.

शेवटच्या दिवशी तो गावी जायला चिपाटाच्या बसकडे निघाला. मी धीर करून म्हटलं, "बायकोला टाकून चाललास?"

तो हसलाच नाही. "माझ्या तोंडून तुला काही खरं वाटणार नाही," म्हणाला. मग पिशवी खांद्यावर टाकत – "तुमच्या कासामाला तुझे मामा कुठं राहतात?"

पुन्हा थट्टाच! मी चिडले. "बाजारामागं. माकडं सोलत बसलेले असतात, कुणीही दाखवेल."

कासामाला परतले. त्याचा फोन नाही, निरोप नाही. संपलं म्हणून मनाला समजावलं, कामाला लागले, आणि कुणाचं लक्ष नसताना रडले.

मग एका रविवारी चर्चमधून आले, तर अंगणात मामा, मावशा, सगळे चटईवर. मधे कोट घातलेला एक अनोळखी म्हातारा, पुढ्यात झाकलेली बशी. आईनं त्याच्यासाठी चहा टाकला होता.

आमच्यात मुलीच्या मामांकडे झाकलेली बशी घेऊन मध्यस्थ येतो तो मागणी घालायला. थट्टा ज्याची त्यानं स्वतः करायची असते, तिच्यासाठी कुणी मध्यस्थ पाठवत नाही.

मामांनी गंभीरपणे विचारलं, "पोरी, ही बशी चिपाटाच्या कुणा जेरेनं पाठवलीय. तू ओळखतेस त्याला?"

अशा वेळी खाली बघून नुसतं 'हो' म्हणायचं असतं. मी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी बशी जवळ घेतली. डोळे भरून आले होते आणि हसू काही आवरेना.

"ओळखते, मामा," मी म्हटलं. "उंदीर खातो."