हनुमंतची डिस्क

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो सत्यजीत माझा मावसभाऊ. पटो न पटो, मी पदरचं काही घालत नाही.

२००८ चा मे महिना. दौंड तालुक्यातलं वरवंड. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

सत्यजीत आणि खुटबावचा हनुमंत लग्नाच्या शूटिंगचा धंदा भागीत करायचे. हनुमंतचा आवाज घोगरा, लांब हेलाचा. एकदा ऐकला की विसरणं नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात भांडगावजवळ हायवेवर ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. जागेवर गेला. मागं बायको सुषमा आणि तान्ही स्वप्नाली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना.

त्याचे वडील तात्याबा हात जोडून म्हणाले, "पोरीला शिकवीन रं बाबा. सुनंला अंतर देणार न्हाई."

कावळे झाडावर गप्प...

मग सत्यजीत पुढं झाला. "हनम्या, स्वप्नीच्या बारशाचं शूटिंग माझ्याकडं हाय, तुझ्या हार्ड डिस्कवर. ते मी वहिनीला देतो. शब्द हाय माझा."

बोलणं संपलं... आणि कावळ्यानं झडप घातली.

त्या शूटिंगमध्ये हनुमंत कॅमेऱ्यामागून लेकीशी बोलत होता. त्याचा आवाज जगात तेवढाच उरला होता. कॅसेट पुसून पुन्हा वापरायची दोघांची सवय, त्यामुळं बाकी काहीच नव्हतं.

पण गरज सरो, वैद्य मरो. सत्यजीतला आता स्वतःच्या लेकीची काळजी पडली. चिऊ दीड वर्षाची. तिचं जन्मापासूनचं सगळं शूटिंग एकाच डिस्कवर. ती डिस्क गेली तर?

मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि घराच्या मागच्या खोलीत रेड लावायला घेतलं. रेड म्हणजे दोन डिस्कची जोडी. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उमटतं. एक मेली तरी दुसरी शाबूत. फक्त दुसरी डिस्क त्याच मापाची हवी होती.

कपाटात हनुमंतची होती.

त्यानं ती पुसून कोरी केली. आधी बारशाची कॉपी काढायचेही कष्ट घेतले नाहीत. माझा भाऊ असला तरी बोलतो, हा निव्वळ नीचपणा होता.

सुषमा दारात आली. "भावजी, बारशाचं तेवढं द्या. बाप कसा बोलत हुता ते तरी पोरीला कळंल."

"डिस्क उडाली वहिनी. काय उरलं न्हाई."

ती उंबऱ्यावरूनच परत फिरली.

त्याच आठवड्यात जोडी तुटायला लागली.

दोन्ही डिस्क ठीक असल्या की पडद्यावर दोन U दिसतात. एक बाहेर पडली की तिच्या जागी नुसती रेघ. रोज दुपारी रेघ यायची. बाहेर पडायची ती सत्यजीतची डिस्क...

हनुमंतची ठणठणीत.

त्यानं केबल बदलली. पॉवर सप्लाय बदलला. आपली डिस्क काढून पुन्हा जोडली. जोडी सावरायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा रेघ. आणि प्रत्येक वेळी जोडताना हनुमंतच्या डिस्कवरून सत्यजीतच्या डिस्कवर सगळं नव्यानं लिहिलं जायचं. ह्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नाही.

एका शनिवारी तो चिडला. मशीन बंद केलं, हनुमंतची डिस्क उपटून टेबलावर ठेवली आणि एकट्या आपल्या डिस्कवर मशीन चालू केलं.

पडद्यावर एक U आणि एक रेघ यायला हवी होती.

दोन U होते...

त्यानं टेबलाकडं पाहिलं. डिस्कला ना वायर, ना केबल. हात लावला...

गरम होती. आत काहीतरी फिरत होतं.

तेवढ्यात लोडशेडिंग. पंखा थांबला. पडदा काळा. घर चिडीचूप...

टेबलावर मात्र... कुर्र... कुर्र...

लाइट आली तसं त्यानं घाईघाईनं चिऊच्या पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग लावलं. चिऊ होती. केक होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग कॅमेऱ्यामागून आवाज आला. शूटिंग सत्यजीतनंच केलं होतं, आवाजही त्याचाच हवा होता.

घोगरा आवाज. लांब हेल...

"स्वप्ने... हिकडं बघ. बापाकडं बघ."

आणि पडद्यावरची चिऊ वळली. हसली.

दुसरी फाइल. तिसरी. सगळीकडं तोच आवाज. सत्यजीतचा एक शब्द नाही.

मागून टाळ्या वाजल्या. खरी चिऊ दारात उभी होती. आवाजाकडं हात करून म्हणाली...

"पप्पा!"

सत्यजीतनं तिला उचललं, तर परक्यानं धरल्यासारखी किंचाळली. त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं, धावत येऊन तिला काढून घेतलं.

संध्याकाळी तो डिस्क घेऊन खुटबावला गेला. सुषमाच्या पाया पडला, सगळं कबूल केलं. "वहिनी, आवाज हाय ह्याच्यात. घ्या."

ती भाकरी थापत होती. मान वर केली नाही. "तुमच्या लेकीचं शूटिंग घिऊन काय करू? माझ्या लेकीचं पुसलं न्हवं तुम्ही? आता तुमचं आन् त्यांचं काय ते तुम्ही बघा."

त्यानं डिस्क नदीत फेकली. रेड मोडून टाकलं. चिऊला डॉक्टरकडं नेलं, ते म्हणाले, लहान आहे, विसरेल.

चिऊनं त्याला पुन्हा कधी पप्पा म्हटलं नाही.

आता ती कॉलेजात आहे. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो होतो. मागच्या खोलीतून तिचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं. मोबाइल तर समोर चार्जिंगला लावलेला...

"चिऊ, कुणाशी बोलती गं?" मी हाक मारली.

"पप्पांशी, काका."

सत्यजीत माझ्या शेजारी बसला होता.

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्या खोलीत डोकवायची हिंमत मला अजून झालेली नाही.