अख्खा नान

समरकंदच्या बाजारामागे नेमतचा तंदूर होता. दिवसातून चारशे वेळा हा गडी त्या आगीत कमरेपर्यंत वाकायचा, त्यामुळे त्याच्या भुवया सात वर्षांत एकदाही उगवल्या नव्हत्या. लग्नकार्याला निघाला की आई त्या काजळाने काढून द्यायची. एकदा घाईत एक भुवई पार कपाळाच्या मध्यावर गेली, तर सबंध लग्नभर लोक विचारत राहिले, "अरे, एवढं नवल कशाचं वाटतंय?" खोटं वाटत असेल तर बाजारात विचारा.

अशा या बिनभुवयांच्या माणसासमोर एका सकाळी, ओल्या बर्फाचा मारा चुकवत, एक मुलगी छपराखाली शिरली. आलीच आहे तर तिने एक नान मागितला. तो हातात पडताच हात खाली गेला.

"अगं बाई! हा नान आहे की गाडीचं चाक?"

"चाकच आहे. घरापर्यंत ढकलत न्या."

"आमच्या मजार शहरातला नान कसा... पातळ. घडी घालून काखेत मारावा."

"मग पत्रं लिहीत असाल त्यावर?"

ती हसली. बोलण्यावरून ती नदीपलीकडची, अफगाण आहे हे त्याने ओळखलंच होतं. नाव शगुफा. नुकतीच इथे मावशीकडे आली होती, एका शिवणघरात कामाला लागली होती. तिने उभ्याउभ्याच पहिला तुकडा मोडला. कड कुरकुरीत, आत वाफ, वर तिळाचा खमंग वास... तिने डोळे मिटले. नेमतचे तंदुरातले सहा नान जळाले.

मग ती रोजच येऊ लागली.

"आज नानवरची नक्षी वाकडी आलीय."

"तुम्ही समोर उभ्या होतात. हात थरथरतो."

"थंडीनं?"

"...थंडीनंच म्हणा."

हिवाळा सरला. नौरोजच्या सणाला ती त्याच्या घरी जेवून आली, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. जर्दाळू फुलले, आणि त्याच आठवड्यात मजारहून निरोप आला. शगुफाची आई गेली. बारा वर्षांची धाकटी बहीण जरमीना चुलत्याच्या ताब्यात होती, आणि चुलत्याने तिला एका साठीच्या व्यापाऱ्याला देऊ केलं होतं.

"लग्न करू," नेमत म्हणाला. "आजच. थांब, भुवया काढून येतो."

शगुफा हसली आणि हसताहसताच रडली. "ती बारा वर्षांची आहे रे, नेमतजान. मला जायलाच हवं. चुलत्यानं ऐकलं तर ठीक... नाहीतर तिच्या जागी मी उभी राहीन."

"मग मीही येतो."

"तुला काय ते जावई म्हणून मिरवतील? सरहद्दीच्या पुलावरूनच तुझं प्रेत परत येईल." मग ती हळूच म्हणाली, "माझं तर तेही येणार नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी बस सरहद्दीकडे निघायची होती. नेमतची आई सोलिहा रुमालात गुंडाळलेला गरम नान आणि चहाची किटली घेऊन बसपाशी आली. समरकंदकडची रीतच आहे: जाणाऱ्याने एक घास तोडायचा, उरलेला नान भिंतीवर टांगायचा, परत येऊन त्यानेच तो संपवायचा. सोलिहाच्या भिंतीवर असा एक होताच. रशियात बांधकामावर गेलेल्या नवऱ्याचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा. दातांची खूण अजून दिसायची. दर शुक्रवारी सोलिहा त्यावरची धूळ झटकायची. नौरोजला शगुफाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"एक घास घे पोरी. ज्याचा नान, तो परत येतोच," सोलिहा म्हणाली.

शगुफाने घास घेतला. सोलिहाने उरलेला नान घ्यायला हात पुढे केला. शगुफाने दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"अगं... पुरे!" नेमत म्हणाला.

ती थांबेना. चार मजूर पोटभर खातील असा तो नान ती उभ्याने, आसवांसकट चावत राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. बसमधली माणसं काचांना नाकं लावून बघू लागली.

"शगुफा, काय चाललंय हे?"

"त्या भिंतीला एक खिळा पुरे आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "तू माझी वाट बघत थांबायचं नाहीस. कुणी दुसरी आलीच, तर... भुवया नीट काढून जा."

तिच्या हातात चतकोरच नान उरला होता. हिसकावून घेणं काही अवघड नव्हतं. नेमतने आईकडे पाहिलं. ती रिकामा रुमाल घडी घालत होती, पुन्हापुन्हा, तीच घडी.

त्याने किटलीतून चहा ओतला, वाडगा शगुफाच्या ओठांशी नेला.

"सावकाश," तो म्हणाला. "घशात अडकेल."

आणि ती संपवेपर्यंत, एकही कण जमिनीवर पडू नये म्हणून, तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरून उभा राहिला.