आढीतली फियाट

मनस्वी फियाटच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून पेंढ्यातले आंबे चाचपत होती, तेवढ्यात पलीकडचं दार करकरत उघडलं आणि एक अनोळखी चेहरा आत डोकावला.

"दार लावा आधी!" ती ओरडलीच. "ऊब जाते ना!"

त्याने मुकाट्याने दार लावलं. गंमत म्हणजे, आत बसून लावलं! मग पेंढ्यातल्या हापूसकडे, तिच्या केसांत अडकलेल्या काडीकडे आणि पुन्हा हापूसकडे बघत म्हणाला, "मी ऋत्विक. लांज्याला माझं गॅरेज आहे. जुनी फियाट विकायचीय असं कळलं... चौसष्ट सालची. हीच ना?"

"हीच. पण सध्या ती गाडी नाही, आढी आहे."

यात खोटं काही नव्हतं हो. भाट्याच्या किनाऱ्यापुढे मनस्वीच्या वडिलांची, हरिश्चंद्र अप्पांची, कलमांची बाग. आजोबांनी हौसेनं घेतलेली फियाट वीस वर्षं मांगरात, बागेतल्या अवजारं ठेवायच्या मोठ्या खोपटात, पडून होती. पत्रा गंजलेला, चाकं रुतलेली... पण काचा लावल्या की आत अशी ऊब धरायची, की अप्पा दर मोसमात तिच्यातच घरचे आंबे पिकत घालायचे. पाहुणे वासावर थेट मांगरात यायचे.

ऋत्विकने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने हळूच पुसली. "मला हिला नवी नाही करायची," तो म्हणाला. "होती तशी करायचीय."

हे वाक्य मनस्वीला उगाचच आवडलं. माणूसही आवडला, असं मात्र तिने तेव्हा कबूल केलं नसतं.

सौदा ठरला. अप्पांची अट एकच, दहा दिवसांनी आढी पिकली की मगच गाडी न्यायची.

"चालेल," ऋत्विक म्हणाला. "तोवर चाकांचे नट सोडवतो. गंजून जाम झालेत. अधूनमधून येऊन तेल सोडावं लागेल."

मग काय! एक दिवसाआड त्याची मोटरसायकल फाटकात हजर. तो चाकाशी बसायचा, ती आढीशी.

"सुटले का नट?"

"छे! हट्टी आहेत फार. आंबे?"

"हिरवेच अजून. तेही हट्टी."

"या घरात सगळेच तसे दिसतात..."

"सगळे म्हणजे कोण?"

तो हातातल्या पान्याकडे बघून नुसता हसला. मनस्वीचे कान तापले.

दहा दिवसांचे वीस झाले. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि मनस्वीला एक धास्ती लागून राहिली — गाडी गेली की हा कशाला येईल इथे? बोलून टाकावं, तर जीभ रेटेना. मग या बयेने काय करावं? पिकलेले आंबे पहाटे गुपचूप काढून शेजारीपाजारी वाटले आणि आढीत कच्चे लावले. एकदा नाही, दोनदा!

शेवटी अप्पांचा धीर सुटला. रविवारी ऋत्विक चाकाशी बसलेला असतानाच त्यांनी गावातल्या महिपतचा टेंपो बोलावला. "बस झालं. आज गाडी जाते म्हणजे जाते," म्हणत दार उघडलं, एक आंबा उचलला आणि डोळ्यांशी धरला.

"काय गो मनू, हा तर कालच झाडावरून काढलेला!"

मनस्वी घाईघाईने उरलेल्या आंब्यांवर पेंढा ओढू लागली. ऋत्विक तिच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात चाकाशी वाकलेला महिपत म्हणाला, "अप्पा, नट कुठले जाम? हे बघा, बोटानं फिरतायत. सुटून दोन आठवडे झाले असतील."

आता ऋत्विकची मान खाली गेली.

अप्पांनी एकदा आंब्याकडे पाहिलं, एकदा नटाकडे. मग खाकरून म्हणाले, "महिपत, चल. टेंपो रिकामा कशाला नेतोस, पेट्या भर." आणि जाता जाता मागे न बघता, "गाडी इथेच दुरुस्त कर रे बाबा. मांगर मोठा आहे आमचा."

मांगरात दोघंच उरली. मनस्वी मागच्या सीटच्या कडेला, पेंढ्याशेजारी, अंग चोरून बसली.

"पहिल्याच आठवड्यात सुटले होते," ऋत्विक पुटपुटला. "पण मग यायला निमित्त काय सांगायचं?"

"आणि मला वाटलं, गाडी गेली की तू..." तिने पेंढ्यातली एक काडी मोडली. मग एका दमात म्हणाली, "मला तू आवडतोस, ऋत्विक. खूप आवडतोस. झालं, सांगितलं!"

"मला तर तू माझ्यावर ओरडलीस ना... तेव्हापासूनच."

ती हसली. डोळे भरून आले तरी हसतच राहिली. बाहेर अप्पा मोठमोठ्याने पेट्या मोजत होते, जरा जास्तच मोठ्याने. भाट्याच्या किनाऱ्यावरून आलेला वारा उघड्या दारातून आत शिरला आणि पेंढा सळसळला.

"दार लाव आधी," मनस्वी म्हणाली. "ऊब जाते ना."

त्याने दार लावलं. याही वेळी आत बसूनच.