डावीकडे वळताना

गाडी गल्लीत डावीकडे वळली आणि मला कळलं, हिचं उजवं चाक शेवटच्या घटका मोजतंय.

मी दुसऱ्या गाडीखाली आडवी होते. गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस, मामाचा रेडिओ फुल आवाजात, तरी त्या सगळ्याच्या खालून ते घुमणं आलंच. घुंऽऽ... वळताना वाढलं, सरळ होताच बसलं. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर पडतो. बेअरिंग झिजलेलं असेल तर ते तेव्हाच बोंबलतं.

दोन ओले बूट माझ्या डोक्याशी येऊन थांबले. ते बूट ओळखीचे व्हायला लागले होते, आणि हेच मला आवडत नव्हतं. खोटं कशाला बोलू, आवडत होतं.

"पुढचा बल्ब गेलाय," बूट म्हणाले.

"मागे वायपर, त्याआधी हॉर्न. गाडी आहे का आजारी म्हातारी?"

"म्हातारीच. पण डॉक्टर चांगली भेटलीय..."

हा कानवाला. पेटीत यंत्र घेऊन गावोगाव लोकांचे कान तपासत फिरतो. पहिल्यांदा आला तो रस्ता विचारायला. जाता जाता म्हणाला, पुढून जरा घुमल्यासारखं वाटतं. मामाने गाडी फिरवून आणली आणि निकाल दिला, "डावं बेअरिंग." आमच्या मामाला सगळे कानसेन म्हणतात. गाडी नुसती ऐकून दुखणं सांगणारा माणूस. गॅरेज त्या कानांवर चालतं. मी डावं बदललं.

त्यानंतर कानवाला येतच राहिला. गाडी कोपऱ्यावर लावून, चालत; हॉर्न, वायपर मी तिथेच जाऊन दुरुस्त केले. मला वाटायचं, आमच्या दारातल्या चिखलाला भितो. आज पावसाने त्याला थेट दारात आणलं होतं.

मी गाडीखालून बाहेर सरकले. "किल्ली द्या."

"बल्बला किल्ली?"

"द्या!"

उजवी बाजू जॅकवर घेतली. चाक वरून-खालून धरून हलवलं. खट्... खट्. बेअरिंगही हललं आणि खालचा बॉल जॉइंटही. त्याचं रबर फाटून ग्रीस वाहून गेलं होतं.

"याला खेळ म्हणतात," मी म्हटलं. "चाकात खेळ नसतो लागत. आवाज कधीपासून आहे?"

तो बोटाने बॉनेटवरचं पाणी पुसत राहिला.

"मी विचारतेय. कधीपासून?"

"...गेलाच नव्हता."

"आणि तुम्ही गाडी कोपऱ्यावर लावून गप्प बसलात?"

त्याने मामाकडे पाहिलं. मग केकाटणाऱ्या रेडिओकडे. आवाज खाली आणला. "त्या दिवशी मामांना मी मागून दोनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. माझा तर धंदाच तो... आवाज तसाच आहे म्हटलं असतं, तर तुमच्यादेखत त्यांची चूक निघाली असती. आणि—"

"आणि काय?"

"तुम्ही मला पुन्हा दारात उभं केलं नसतंत."

अशा वाक्यावर पोरी विरघळतात म्हणे. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

"चाक निखळलं असतं! समोरून कुणी सायकलवर येत असतं! तुमचं प्रेम त्याच्या आईला काय सांगणार होतं?"

तो थबकला. "प्रेम...?"

"शब्दात पकडू नका!"

माझे कान तापले. तेवढ्यात मामा हात पुसत आला. "काय लावलंय?"

घरात आम्ही रोज रेडिओवरून भांडायचो. कानांवरून कुणीच नाही. कानवाल्याला बोलले खरी, पण गप्प बसण्यात आमचंही घराणं काही कमी नव्हतं.

"मामा, उजवं होतं."

"काय?"

"उजवं!"

"डावंच. मी ऐकलंय," तो गरजला.

"मामा, मीच नीट सांगितलं नाही..." कानवाला मध्ये पडला.

"तुम्ही थांबा! गप्प बसण्यात तुमचा हात कुणी धरत नाही, मग आता बसा की!"

मी मामाचा पंजा धरला आणि चाकावरच्या स्प्रिंगवर ठेवला. त्यानेच शिकवलं होतं, भोवती गोंगाट असेल तर हाताने ऐकायचं. दुसऱ्या हाताने मी चाक फिरवलं. झिजलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून वर चढली. मामाच्या बोटांत चढली. त्याचा चेहरा उतरला.

तो गेला आणि त्याने रेडिओ बंद केला.

"बरेच दिवस झाले, पोरी," तो म्हणाला, नको इतक्या मोठ्याने. "मला वाटायचं... तूच हळू बोलतेस."

मग त्याने बाह्या सरसावल्या. "बघतेस काय? काढ. प्रेसवर मी बसतो. हात शाबूत आहेत अजून."

मी चाक काढून त्यामागचा हब उतरवला. मामाने जुनं बेअरिंग दाबून काढलं, नवं बाहेरच्या कड्यावर जोर देत सरळ बसवलं. बॉल जॉइंट मी बदलला. कानवाला टॉर्च धरून उभा होता, आणि उजेड पुन्हा पुन्हा चाकावरून माझ्याकडे घसरत होता.

"टॉर्च चाकावर," मी म्हटलं.

"हो... चाकावरच."

चाक चढवल्यावर मी त्याचा हात स्प्रिंगवर ठेवला, वर माझा. चाक फिरवलं.

"काय लागतंय?"

"काहीच नाही."

"नीट बघा."

"स्प्रिंगला काही नाही. पण तुमच्या हातात... खेळ आहे."

थरथरत होता, मेला. मी काढला नाही. "तिथे चालतो."

"मघाचा तुमचा शब्द बरोबर होता," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"आणि तोही बेअरिंगसारखा दडवलात!"

"ए, मोठ्याने बोला!" मामा पलीकडून ओरडला. "इथे माणूस बहिरा आहे!"

तो शब्द त्याने आपणहून उच्चारला. मी हसले, डोळे पुसले, तोंडभर ग्रीस केलं.

"उद्या पेटी घेऊन येतो, मामा!" कानवाल्याने बोंब मारली.

"गाडी दारापर्यंत आणायची," मी बजावलं. "आणि आवाज आला तर सांगायचं. कसलाही."

बल्ब राहूनच गेला. गाडी कोपऱ्यावर डावीकडे वळली. मी श्वास धरून ऐकत होते. चाक मुकं. मग हॉर्न वाजला, मीच दुरुस्त केलेला.

"वाजवला ना त्याने?" मामाने विचारलं.

"तुला आला ऐकू?"

"छे," मामा म्हणाला. "तुझ्या तोंडावर वाजला."